अस्वलाची आई

जाहिरातीतल्या माणसावर आपला विश्वास आहे, असे कोणीही शहाणा माणूस चारचौघांत कबूल करणार नाही. नटी सांगते म्हणून आपण साबण बदलत नाही, आणि एखादा क्रिकेटपटू सांगतो म्हणून मुलाच्या दुधात पूड कालवीत नाही. निदान आपण तसे म्हणतो. दुकानदार मात्र गालातल्या गालात हसतो. कोणाचे चित्र लावले की कोणती वडी संपते, हे त्याला पक्के ठाऊक असते.

पण जाहिरात पाहून घरातली बोलकी माणसे एकाएकी गप्प व्हावीत, कोणी चष्मा काढून पुसत बसावे, कोणी उलट तावातावाने वाद घालावा, आणि गंमत अशी की जाहिरात करणारा माणूस, ती देणारी कंपनी आणि विकायचा तो माल, यांपैकी काहीच आज त्या रूपात शिल्लक नसावे, हा प्रकार मी एकाच जाहिरातीच्या बाबतीत पाहिला. ती एका टेलिफोन कंपनीची आहे, आणि तिच्यातला माणूस आहे एका कॉलेजच्या फुटबॉल संघाचा शिक्षक.

२०२४ साली सप्टेंबरपासून चार महिने मी अमेरिकेत अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरी पुतणीकडे होतो. ती तेथील इस्पितळात नोकरीला आणि जावई एका इंजिनिअरिंग कंपनीत. दोघे सकाळी बाहेर पडली की दिवसभर मी, पुस्तके आणि शेजारी. त्या शेजाऱ्यांनीच मला या फुटबॉलची ओळख करून दिली. खेळाची म्हणाल तर थोडी, माणसांची पुष्कळ.

शनिवारचे सोवळे

वाचकांना प्रथम सांगितले पाहिजे की, हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू दोन्ही टोकांना निमुळता, काखोटीला मारून पळायचा. शंभर यार्डांचे मैदान, अकराविरुद्ध अकरा, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाहीतर चेंडू दुसऱ्याच्या हवाली करायचा. डोक्याला शिरस्त्राण, खांद्यांवर चिलखत. लांबून पाहणाऱ्याला वाटावे, एखाद्या ऐतिहासिक नाटकातले मावळे अचानक पटकथा विसरून एकमेकांच्या अंगावर धावले आहेत!

अलाबामात या खेळाचा व्यावसायिक, वरच्या दर्जाचा संघ नाही. त्यामुळे साऱ्या राज्याचा जीव दोन विद्यापीठांत अडकलेला: टस्कलूसा गावचे अलाबामा विद्यापीठ आणि ऑबर्न गावचे ऑबर्न विद्यापीठ. टस्कलूसाच्या मैदानात सुमारे एक लाख माणसे बसतात. शनिवारी सामना असला की लग्नाचा मुहूर्तसुद्धा तो टाळून धरतात, असे मला तेथे सांगण्यात आले आणि ते मला खरे वाटले. पुतणी या गावी राहायला आली तेव्हा पहिल्या आठवड्यात तिला जात, धर्म, पगार यांपैकी काही कोणी विचारले नाही; विचारले ते एवढेच, "तुम्ही कोणाकडचे? अलाबामाचे की ऑबर्नचे?"

अशा ठिकाणी संघाचा शिक्षक, म्हणजे त्यांचा 'कोच', याला काय मान असेल त्याची कल्पना आपल्याकडच्या जुन्या तालमीवरून करावी. तालमीत पोरे येतात, जातात, मोठी होऊन पोटापाण्याला लागतात. वस्ताद तेथेच असतो. कॉलेजातली मुले चार-पाच वर्षांनी निघून जातात. लोकांच्या लक्षात पिढ्यान् पिढ्या राहतो तो कोचच. आणि म्हणूनच माल विकणाऱ्यांची नजर प्रथम त्याच्यावर जाते.

झकास जोडी

पॉल ब्रायंट हा असाच एक वस्ताद. जन्म १९१३ सालचा, आर्कन्सॉ राज्यातील मोरो बॉटम या आडगावचा. घरची शेती जेमतेम. आई आयडा खेचराची गाडी जुंपून फोर्डाइस गावात भाजीपाला विकायला जाई आणि हा पोरगा तिच्या शेजारी गाडीवर बसलेला असे. गावातली बरी परिस्थिती असलेली मुले हसत. ते हसणे तो जन्मभर विसरला नाही.

वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी गावच्या थिएटरात एक मदारी अस्वल घेऊन आला. त्याच्याशी झोंबी घेणाऱ्याला मिनिटाला एक डॉलर, अशी बोली होती. ब्रायंट पुढे झाला. त्याने अस्वलाला धरलेही; पण अस्वलाच्या तोंडचे मुसके निसटले, तेव्हा त्याने पळ काढला. पैसे मागायला गेला तोवर मदारी गावातून पसार! डॉलर मिळाला नाही तो नाहीच. मिळाले ते नाव, 'बेअर', म्हणजे अस्वल. हे नाव त्याला मरेपर्यंत चिकटले.

अलाबामा विद्यापीठात तो विद्यार्थी म्हणून खेळला. पुढे मेरिलँड, केंटकी, टेक्सास ए अँड एम अशा संघांची शिक्षकी करून १९५८ साली तो पुन्हा अलाबामात आला. टेक्सासची चांगली जागा का सोडलीत, असे पत्रकारांनी विचारले तेव्हा त्याने दिलेले उत्तर आजही तेथे शाळकरी पोर सांगेल: "आईने हाक मारली. आईने हाक मारल्यावर धावतच यावे लागते." आई म्हणजे त्याचे विद्यापीठ.

पंचवीस वर्षे तो तेथे होता. १९६१, १९६४, १९६५, १९७३, १९७८ आणि १९७९ अशा सहा वेळा त्याच्या संघाला राष्ट्रीय अजिंक्यपद मिळाले. एकंदर ३२३ विजय त्याच्या नावावर आहेत.

या काळात दर रविवारी दुपारी दूरचित्रवाणीवर त्याचा कार्यक्रम असे. आदल्या दिवशीच्या सामन्याची चित्रे दाखवून तो पुटपुटल्यासारखा बोले. आवाज खर्जातला, घशात खडे घोळवल्यासारखा. समोर टेबलावर दोन वस्तू ठरलेल्या: बर्मिंगहॅमच्याच गोल्डन फ्लेक कंपनीच्या बटाट्याच्या वेफर्सची पिशवी आणि कोका-कोलाची बाटली. कार्यक्रमाचा खर्च या दोघांचा. 'झकास जोडी, म्हणतो अस्वल' अशा अर्थाचे एक यमकही जाहिरातीत असे. बोलता बोलता तो पिशवीत हात घाली आणि कुडुमकुडुम खाई. तेथल्या लोकांना यात काही गैर वाटले नाही. आमच्या शेजारचे आजोबा म्हणाले, "तो खात होता, म्हणून आम्हीही खात होतो. आमच्या घरी रविवारी देवाची प्रार्थना, मग जेवण, मग बेअर आणि वेफर्स!"

ही झाली नेहमीच्या जातीची जाहिरात. माणूस मोठा, माल साधा. मोठ्याच्या हाताने साध्याला मोठेपण. आजोबांना ती आठवते ती चवीच्या आठवणीसारखी. ती आठवताना त्यांचा आवाज बदलत नाही. टेलिफोनच्या जाहिरातीची गोष्ट वेगळी.

पैशाचे वाक्य आणि बिनपैशाचे वाक्य

साउथ सेंट्रल बेल ही त्या भागातील टेलिफोन कंपनी. लांबच्या गावी फोन करायचा तर त्या काळी मिनिटांवर पैसे पडत, आणि लोकांनी असे फोन अधिक करावेत, ही कंपनीची इच्छा. तिने ब्रायंटला गाठले. मुलांना कडक शिस्तीत ठेवणारा हा माणूस, पण नव्याने आलेल्या पोरांना घरी आईवडिलांची विचारपूस करायला लावतो, ही त्याची ख्याती होती. तेव्हा त्याने कॅमेऱ्याकडे पाहून एवढेच विचारायचे होते: "आज तुम्ही आपल्या आईला फोन केलात का?"

त्याने ते विचारले. आणि मग, असे सांगतात की, कागदावर नसलेले एक वाक्य तो आपणहून बोलून गेला: "मला माझ्या आईला करता आला असता तर फार बरे झाले असते."

आई तेव्हा हयात नव्हती. कंपनीने ते वाक्य कापले नाही.

एवढीच ती जाहिरात. आजोबांनी आपल्या खिशातल्या फोनवर ती मला दाखविली तेव्हा खोलीत आम्ही पाचजण होतो: ते, त्यांच्या पत्नी, पुतणी, जावई आणि मी. आजोबांनी ती शंभर वेळा पाहिली असेल. तरी संपल्यावर त्यांनी फोन लगेच खिशात टाकला नाही. त्यांच्या पत्नी ऑबर्नच्या. म्हणजे या घरात पन्नास वर्षे गृहयुद्धच! १९७२ साली ऑबर्नने अलाबामाच्या दोन लाथा अडवून दोन्ही वेळा चेंडू सीमापार नेला आणि सामना १७-१६ असा जिंकला, ती कथा त्या अजून लग्नातल्या उखाण्यासारखी ठसक्यात सांगतात. सांगणारच, कारण ब्रायंटच्या पंचवीस वर्षांत ऑबर्नला त्याच्यावर असे विजय मिळाले ते फक्त सहा. "मला तो मनुष्य कधी आवडला नाही," त्या म्हणाल्या, "पण हे पाहताना मी ऑबर्नची नसते. मी तीन मुलांची आई असते."

आजोबांचे म्हणणे थोडक्यात आणि नेमके होते. "पैसे कंपनीने दिले ते पहिल्या वाक्याचे. दुसरे त्याचे स्वतःचे होते."

मला ते पटले. ब्रायंटने आईची आठवण केवळ त्या एका दिवशी काढली असती तर गोष्ट निराळी. पण तो सामन्याला नेहमी बारीक चौकटीची टोपी घालून उभा राहत असे. ती टोपी म्हणजे त्याची खूणच. न्यू ऑर्लिन्सच्या छताच्या स्टेडियममध्ये मात्र तो बोडक्या डोक्याने दिसतो. १ जानेवारी १९७९ रोजी पेन स्टेट संघावर १४-७ असा गाजलेला विजय मिळविला, तेव्हाही तसाच. कारण विचारले तर म्हणे, छपराखाली टोपी घालू नये, असे आईने शिकविले आहे. पासष्ट वर्षांचा, सबंध राज्य ज्याच्यापुढे उभे राहते असा माणूस. आणि टोपी काढतो ती त्या खेचरगाडीवाल्या बाईच्या शब्दासाठी! हे सारे लोकांना आधीपासून माहीत होते. म्हणून दुसरे वाक्य ऐकताना त्यांना ते जाहिरातीत ऐकू आले नाही. घरात ऐकू आले.

आमच्या पिढीला टेलिफोनचे अप्रूप निराळे समजावून सांगायला नको. १९७० च्या दशकात मी मुंबईला नोकरीत होतो आणि आई वाईला. घरी फोन नव्हता. तो गल्लीतल्या डॉक्टरांकडे. ट्रंक कॉल लावायचा म्हणजे आधी नोंदवायचा; साधा, अर्जंट की लाइटनिंग ते खिशाकडे पाहून ठरवायचे, आणि मग ऑपरेटरच्या कृपेची वाट पाहायची. डॉक्टरांचा कंपाउंडर आईला बोलवायला धावे. ती येईपर्यंत छातीत धडधड. कारण ट्रंक कॉल म्हणजे वाईट बातमी, हे तिच्या मनाने घेतलेले. पहिले वाक्य मला नेहमी एकच म्हणावे लागे: "आई, सगळे ठीक आहे." त्यानंतर तीन मिनिटांतले निम्मे तिचे रडणे आवरण्यात जात. आईला फोन करण्याचे पैसे पडतात, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना त्या कंपनीचा धंदाही कळेल आणि त्या माणसाचा उसासाही.

ज्या आईला फोन आला नाही

गोष्ट येथेच संपली असती तर ती फार गोड झाली असती. पण बर्मिंगहॅमच्या सार्वजनिक वाचनालयात माझा एका निवृत्त शाळामास्तरांशी परिचय झाला. गृहस्थ कृष्णवर्णीय, वय सत्तरीच्या पुढे, बोलणे मृदू, पण शब्द तोलून टाकलेला. १९६३ च्या सप्टेंबरात याच शहरातील सोळाव्या रस्त्यावरच्या चर्चमध्ये बाँब फुटून चार मुली ठार झाल्या, तेव्हा ते शाळकरी मुलगा होते. मी त्यांना जाहिरातीचा विषय काढून विचारले, तर ते हसले. म्हणाले, "चांगली आहे. मीसुद्धा ती पाहिली आणि माझ्या आईला फोन केला. पण एक ध्यानात घ्या. कोच लोक चांगला खेळाडू हेरला की प्रथम कोणाला फोन करतात? त्याच्या आईला! घरी जातात, तिच्या हातचे खातात, 'तुमचा मुलगा माझ्या हवाली करा' म्हणतात. आमच्या वस्तीतही अंगापिंडाने घडलेली पोरे होती. आमच्या आयांना हा फोन कितीतरी वर्षे आला नाही."

हा इतिहास खोटा नाही. १९६३ च्या जूनमध्ये अलाबामा विद्यापीठाच्या दारात राज्याचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस स्वतः आडवे उभे राहिले होते. त्यानंतर कृष्णवर्णीय विद्यार्थी वर्गात आले, पण फुटबॉलच्या संघात नाही. १२ सप्टेंबर १९७० रोजी बर्मिंगहॅममध्ये कॅलिफोर्नियाच्या यू.एस.सी. संघाने अलाबामाचा ४२-२१ असा फडशा पाडला, आणि त्यात सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय तरुणाने पुढाकार घेतला. त्या दिवशी विल्बर जॅक्सन हा अलाबामाने शिष्यवृत्ती दिलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू विद्यापीठात दाखल झालेला होता. पण पहिल्या वर्षाच्या मुलांना तेव्हा मुख्य संघातून खेळता येत नसे. १९७१ साली जॉन मिचेल अलाबामाच्या संघातून मैदानात उतरला, आणि १९७३ साली तोच ब्रायंटचा साहाय्यक शिक्षक झाला.

ब्रायंटचे भक्त म्हणतात, गव्हर्नर असा, लोकमत तसे. त्याचे हात बांधलेले होते. टीकाकार म्हणतात, ज्याच्यासाठी सारे राज्य रविवारी दुपारी खोळंबून बसे, त्याने दोन शब्द लवकर बोलायला हरकत नव्हती. मास्तरांनी दोन्ही बाजू मला समजावून दिल्या. शेवटी म्हणाले, "तुमचे शेजारी म्हणतात, दुसरे वाक्य फुकट होते. बरोबर. पण ते खरे होते म्हणूनच पहिले वाक्य अधिक खपले, हेही खरे. माणूस मनापासून बोलतो तेव्हा विकणाऱ्याचे सर्वांत अधिक फावते."

आजोबांचे वाक्य आणि मास्तरांचे वाक्य, दोन्ही मी वहीत एकाखाली एक लिहून ठेवली आहेत. त्यांतले एक खोडावे असे मला वाटत नाही. चाहता जाहिरात पाहतो तेव्हा तो ग्राहक नसतो. तो हिस्सेदार असतो. कोचने आपला चेहरा भाड्याने दिला असे कंपनी समजते. पण त्या चेहऱ्यात लोकांचे कितीतरी रविवार मिसळलेले असतात. कोणाचे वडिलांच्या मांडीवर बसून घालविलेले, कोणाचे दाराबाहेर उभे राहून. भाडे एकाला मिळते, हिशेब सगळे मागतात.

बदकाच्या संगतीत

या हिस्सेदारीचा अलीकडचा नमुना मी दूरचित्रवाणीवर पाहिला. ब्रायंटनंतर अलाबामाला त्याच्या तोलाचा कोच मिळाला तो निक सेबन. १९५१ साली वेस्ट व्हर्जिनियात जन्मलेला, वडिलांच्या पेट्रोल पंपावर मोटारी धुऊन वाढलेला हा गृहस्थ २००७ ते २०२३ या हंगामांत अलाबामाचा कोच होता. त्याने अलाबामाला सहा अजिंक्यपदे मिळवून दिली. त्याआधी २००३ सालचे एक लुइझियाना विद्यापीठाला. १० जानेवारी २०२४ रोजी तो निवृत्त झाला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मैदानाला त्याचे नाव दिले गेले. मुद्रा अशी करडी की, हसला तर वर्तमानपत्रात बातमी यावी!

आणि हा सेबन एका विमा कंपनीच्या जाहिरातींतून चक्क एका पांढऱ्या बदकाबरोबर दिसू लागला. बदक कंपनीचे नाव घेऊन ओरडते, आणि साहेब गंभीर चेहऱ्याने त्याच्याशी व्यवहार करतात. २०२१ पासून हा प्रकार चालू झाला. जावयाच्या मित्रमंडळींत याची मोठी मौज. आपल्याकडे गणेशोत्सवातल्या नाटकात शाळेच्या कडक मुख्याध्यापकांनी विदूषकाचे काम केले की पोरे जशी बाकावर उड्या मारतात, तसे हे तिशी-चाळिशीचे लोक हसतात. "सतरा वर्षे आम्ही याच्या रागाला भ्यालो," एकजण म्हणाला, "आता बदकाने आमचा सूड घेतला."

पण त्याच मंडळीत लुइझियानाकडचा एक तरुण होता. जाहिरात लागली की तो उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला जाई. दोन-तीनदा असे झाले तेव्हा मी जावयाला विचारले. तो म्हणाला, "काका, सेबन आधी त्यांचा होता. २००४ च्या शेवटी तो त्यांना सोडून व्यावसायिक संघाकडे गेला, आणि दोन वर्षांनी परत आला तो त्यांच्याकडे नाही, आमच्याकडे! त्याला ते बदक दिसत नाही. मोडलेले घर दिसते."

म्हणजे चित्र एकच, बदक एकच. एकाला त्यात सवंगडी झालेले गुरुजी दिसतात, दुसऱ्याला सासरी सुखाने नांदणारी आपली परित्यक्त सोयरीक. जाहिरात करणाऱ्यांनी कितीही हिशेब केला तरी या जुन्या खात्यांची बाकी त्यांच्या वहीत नसते.

आणखी एक फरक झाला आहे, तो नोंदविला पाहिजे. ब्रायंटच्या वेळी कोचने वेफर्स खाऊन पैसे मिळवावेत याला कोणाची हरकत नव्हती. पण ज्या पोरांच्या घामावर तो कार्यक्रम चाले, त्यांनी आपल्या नावावर एक पैसा घेतला तर त्यांचा खेळ बंद. जुलै २०२१ पासून तो नियम शिथिल झाला आणि आता विद्यार्थी खेळाडूही जाहिरातींत दिसतात. आजोबांना हे रुचत नाही. त्यांच्या पत्नींना रुचते. "पोरगा खेळणार, गुडघा त्याचा मोडणार," त्या म्हणाल्या, "मग पैसे काय फक्त टोपीवाल्यानेच घ्यावेत?" यावर आजोबांजवळ उत्तर नव्हते. गृहयुद्धातला आणखी एक सामना ऑबर्नने जिंकला.

उरलेला आवाज

ब्रायंट म्हणे, मी खेळ सोडला तर आठवड्यात मरेन. लोकांना ती थट्टा वाटे. २९ डिसेंबर १९८२ रोजी त्याने शेवटचा सामना खेळविला, आणि २६ जानेवारी १९८३ रोजी, अठ्ठाविसाव्या दिवशी, तो हृदयविकाराने गेला. टस्कलूसाहून बर्मिंगहॅमच्या एल्मवुड स्मशानभूमीपर्यंत सुमारे नव्वद किलोमीटर अंतर. त्या सबंध रस्त्याने, पुलांवर आणि कठड्यांशी, लाखो माणसे उभी होती. मास्तर सांगत होते की, त्या गर्दीत काळे-गोरे दोन्ही होते, आणि ते स्वतःही शाळेतल्या मुलांना घेऊन पुलाखाली उभे होते. का, असे मी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही.

टस्कलूसाच्या मैदानावर सामन्यापूर्वी मोठ्या पडद्यावर जुन्या विजयांची चित्रफीत दाखविण्याची प्रथा आहे. तीत त्या खर्जातल्या आवाजाने वर्षानुवर्षे लोकांच्या अंगावर काटा आणला आहे. तिकिटे खपविण्याचाच तोही एक प्रकार, म्हणायचे तर. पण खाजगीत, घरात, फोनवर लोक एकमेकांना दाखवितात ती विजयांची चित्रफीत नव्हे. दाखवितात ती जाहिरात.

आणि मला वाटते, त्याचे कारण काळाने स्वतःच साफ करून ठेवले आहे. साउथ सेंट्रल बेल हे नाव केव्हाच पुसले गेले. गोल्डन फ्लेक २०१६ साली दुसऱ्या राज्यातल्या कंपनीने विकत घेतली. लांबच्या फोनला वेगळे पैसे पडतात, हे पुतणीच्या मुलाला सांगितले तर तो माझ्याकडे संशयाने पाहतो. त्याची आजी पुण्याहून रोज रात्री पडद्यावर येते, त्याला जेवताना पाहते आणि फुकट रागावते. विकायला जे होते ते सारे विकून संपले. मास्तरांचा आक्षेप त्या पहिल्या वाक्याला होता. ते वाक्य आता कोणाचाच धंदा वाढवू शकत नाही. मागे राहिला आहे एक म्हातारा, टोपी घालणारा आणि आईच्या शब्दाखातर काढणारा, आणि त्याचे ते दुसरे वाक्य.

पहिल्या वाक्यातला प्रश्न मात्र अजून उभा आहे. फक्त त्याला आता पैसे पडत नाहीत.